घरचा संगणक : डी ड्राइव्ह गेला कुठे?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा :

"आमचा घरचा संगणक आठ वर्षांचा झाला. फार हळू चालू लागला म्हणून दुकानात नेला. दुकानदारांनी नवी एसएसडी बसवून तिच्यावर नव्याने विंडोज टाकून दिली. जुनी हार्ड डिस्कही आत तशीच ठेवली आहे. आता संगणक झटपट सुरू होतो, पण ड्राइव्ह इकडचे तिकडे झाले आहेत. पूर्वी सी आणि डी असे दोन होते, आता सी, डी, ई असे तीन दिसतात. मरहूम अब्बांच्या आवाजातील रेकॉर्डिंग आणि मुलीच्या निकाहचे फोटो डीमध्ये होते. आता डी उघडला की त्यात भलतेच फोल्डर दिसतात. मी शिवणकामाचा हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये ठेवते, तो 'फाइल सापडत नाही' म्हणतो. दुकानदार म्हणतात, पुन्हा आणून द्या, जुनी डिस्क फॉरमॅट करून सगळे नीट लावून देतो. देऊ का?"

नाही भगिनी, देऊ नका. निदान तुमच्या फायली दुसरीकडे उतरवून होईपर्यंत तरी नाही. तुमचा डी ड्राइव्ह गेलेला नाही, त्याच्या दारावरची पाटी बदलली आहे. तुम्ही सांगता त्यावरून तो आता ई या नावाने दिसतो आहे आणि अब्बांचा आवाज बहुधा तिथेच सुखरूप आहे. आधी ई उघडून खात्री करून घ्या. पाटी पूर्वीसारखी लावणे हे घरच्या घरी दहा मिनिटांचे काम आहे. त्यात एकही फाइल पुसली जात नाही. फॉरमॅट म्हणजे मात्र घर रिकामे करणे. पाटी चुकली म्हणून कोणी घर रिकामे करत नाही.

हाच घोटाळा अनेक घरांत होतो, म्हणून यावेळचे सगळे पान याच विषयाला देत आहोत.

अक्षर म्हणजे काय?

हार्ड डिस्क म्हणजे एक मोठे गोदाम समजा. त्यात भिंती घालून खोल्या केल्या की प्रत्येक खोलीला पार्टिशन म्हणतात. खोली ओळखता यावी म्हणून विंडोज तिच्या दारावर सी, डी, ई असे एक अक्षर लावते.

सुरुवात ए पासून न होता सी पासून का होते, हे मुले नेहमी विचारतात. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी घालण्याचे दोन खण असत, त्यांना ए आणि बी म्हणत. १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटी या मॉडेलमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती. तिच्या वाट्याला पुढचे मोकळे अक्षर आले, ते सी. आज फ्लॉपी घरांतून नाहीशी झाली, १० एमबीत मोबाइलचे चार फोटो मावणे कठीण, पण सी मात्र आपल्या जागी टिकून आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. हे अक्षर डिस्कवर लिहिलेले नसते. ते त्या संगणकातल्या विंडोजने स्वतःच्या वहीत टिपून ठेवलेले असते. या वहीला रजिस्ट्री म्हणतात. अमुक डिस्कवरचे अमुक पार्टिशन म्हणजे डी, अशी तिच्यात नोंद असते. म्हणूनच तुमच्या घरी एफ असलेला पेन ड्राइव्ह भाईजानच्या लॅपटॉपवर जी म्हणून उघडतो. दोन संगणक, दोन वह्या.

मग अक्षरे बदलतात कशी?

तुमच्या घरी जे घडले ते असे. दुकानदारांनी नव्या एसएसडीवर नवी विंडोज टाकली, म्हणजे वहीही नवी कोरी आली. जुन्या नोंदी तिला माहीत नाहीत. तिने स्वतः जिथे मुक्काम केला त्या एसएसडीला सी म्हटले. मग जुन्या हार्ड डिस्कवरच्या खोल्या मोजायला घेतल्या. पूर्वीचा सी पहिला भेटला, त्याला डी केले. पूर्वीचा डी त्याच्यामागे, तो ई झाला. तुम्हाला डीमध्ये जे भलतेच फोल्डर दिसतात, ते तुमच्याच जुन्या विंडोजचे आहेत.

इतर कारणेही असतात. यूएसबीवर डिस्क लावली की विंडोज तिला मोकळे असलेले अक्षर देते. रोजची डिस्क काढलेली असताना दुसरा पेन ड्राइव्ह लावला, तर तो तिच्या अक्षरावर बसू शकतो. मग रोजची डिस्क परत लावली की तिला पुढचे अक्षर घ्यावे लागते. कार्ड रीडर आणि डीव्हीडी ड्राइव्ह हेही अक्षरे अडवून बसतात. जुन्या डॉस आणि विंडोज ९८ च्या काळात तर संगणक सुरू होताना दर वेळी अक्षरे नव्याने मोजली जात, त्यामुळे दुसरी हार्ड डिस्क जोडली की सगळी रांग सरकायची. आजची विंडोज एकदा दिलेले अक्षर लक्षात ठेवते, एवढी सोय झाली आहे.

हात लावण्यापूर्वी

पहिले काम, ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत त्यांची प्रत काढा. अब्बांची रेकॉर्डिंग, निकाहचे फोटो, हिशेबाचा फोल्डर हे सगळे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि दोन-चार फायली तिथून उघडून पाहा. अक्षर बदलल्याने काही पुसले जात नाही हे खरे, पण ज्या पडद्यावर अक्षर बदलण्याची सोय आहे, त्याच पडद्यावर पार्टिशन पुसण्याचीही सोय आहे. एक ओळ वर-खाली क्लिक झाली तर पस्तावायची वेळ येते.

दुसरे, सगळे प्रोग्रॅम आणि उघडे फोल्डर बंद करा.

तिसरे, वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एका रकान्यात आज कोणत्या अक्षरात काय आहे ते लिहा, दुसऱ्यात काय हवे ते लिहा. तुमचा कागद असा होईल : आजचा डी म्हणजे जुनी विंडोज, त्याला के करायचे. आजचा ई म्हणजे फोटो आणि हिशेब, त्याला डी करायचे.

चौथे, ड्राइव्ह आकारावरून ओळखायला शिका. डिस्कच्या खोक्यावर लिहिलेला आकार आणि विंडोज दाखवते तो आकार यांत फरक असतो, कारण दोघांची मोजणी वेगळी आहे. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५, आणि २४० जीबीची एसएसडी २२३. डिस्कमधून काही चोरीला गेलेले नाही, घाबरू नका.

अक्षर बदलण्याची रीत

ही रीत विंडोज १० आणि ११ साठी आहे. संगणकाच्या मुख्य खात्यातून, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून, हे काम करावे लागते.

१. पडद्याच्या खालच्या पट्टीवरील स्टार्ट बटनावर माउसचे उजवे बटन दाबा. जी यादी उघडेल तिच्यातून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा.

२. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसेल : डिस्क ०, डिस्क १ याप्रमाणे. पट्टीतला प्रत्येक चौकोन म्हणजे एक पार्टिशन. कागदावरच्या नोंदीशी आकार ताडून पाहा.

३. डी हे अक्षर सध्या जुन्या विंडोजने अडवले आहे. ते आधी मोकळे करायचे. त्या चौकोनावर उजवे बटन दाबा आणि 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा.

४. छोटी खिडकी उघडेल. तिच्यातले 'चेंज' बटन दाबा, अक्षरांच्या यादीतून के निवडा आणि 'ओके' करा. यादीत फक्त मोकळी अक्षरे दिसतात, त्यामुळे दोघांना एकच अक्षर जाण्याची भीती नाही.

५. विंडोज एक इशारा देईल की ड्राइव्हच्या अक्षरावर अवलंबून असलेले काही प्रोग्रॅम नीट चालणार नाहीत, पुढे जायचे का? इशारा वाचा, चौकोन बरोबर निवडला आहे याची खात्री करा आणि 'यस' दाबा.

६. आता डी मोकळा झाला. ई असलेल्या चौकोनावर हीच कृती करा आणि त्याला डी द्या.

७. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. ड्राइव्ह वापरात असेल तर काही वेळा नवे अक्षर त्यानंतरच लागू होते.

दोन ड्राइव्हची अक्षरे आपसात बदलायची असली तरी रीत हीच. चहा आणि दूध भरलेल्या दोन पेल्यांची अदलाबदल करायला तिसरा रिकामा पेला लागतो, तसे येथे तिसरे मोकळे अक्षर लागते.

आता तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडून पाहा. तो आपली फाइल डी ड्राइव्हवरच्या जुन्या पत्त्यावर शोधत होता. तिथे दुसऱ्याच्या घराचे दार उघडत होते म्हणून त्याला ती सापडत नव्हती. पत्ता पूर्ववत झाला की फाइल सापडली पाहिजे. सापडली नाही तर प्रोग्रॅममध्ये 'ओपन' करून ती फाइल स्वतः दाखवा.

जुन्या सीमध्ये काय काय आहे?

येथे बहुतेक घरांचे खरे नुकसान होते, म्हणून हा भाग दोनदा वाचा. आपण म्हणतो, "माझे सगळे डीमध्ये आहे." पण डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो, 'डॉक्युमेंट्स'मध्ये साठवलेले अर्ज, मोबाइलवरून उतरवून 'डाउनलोड्स'मध्ये राहिलेले व्हिडिओ, हे सगळे सीमध्ये असते. तुमचा जुना सी आता के झाला आहे. त्यात 'युजर्स' नावाचा फोल्डर उघडा. त्याच्या आत तुमच्या जुन्या खात्याच्या नावाचा फोल्डर असेल आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चारही सापडतील. उघडताना परवानगी नाही असा निरोप आला तर 'कंटिन्यू' दाबा आणि थोडा वेळ थांबा. फायली खूप असतील तर दार उघडायला वेळ लागतो.

दुकानदार जी डिस्क फॉरमॅट करू म्हणतात ती हीच. त्यांना वाटते तिच्यात फक्त जुनी विंडोज आहे. तुमच्या लेकीचे कागद त्यात आहेत की नाहीत, हे त्यांना कसे कळावे? ते तुम्हीच पाहायचे.

कशाला हात लावू नये

सी. चालू विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे, त्याचे अक्षर डिस्क मॅनेजमेंट बदलू देत नाही. ते योग्यच आहे. दुसऱ्या युक्त्या वापरून बदलण्याच्या फंदात पडू नका, संगणक सुरूच होणार नाही.

अक्षर नसलेले छोटे चौकोन. डिस्कच्या पट्टीत 'ईएफआय', 'रिकव्हरी' किंवा 'सिस्टम रिझर्व्हड' असे लिहिलेले चौकोन असतात. संगणक सुरू करण्याची आणि अडचणीत सावरण्याची सामग्री तिथे असते. त्यांना अक्षर नाही ते मुद्दामच. त्यांना अक्षर देऊ नका, पुसू तर नकाच.

'सिस्टम' असा शब्द लिहिलेला चौकोन. नवी विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच असेल, तर सुरू होण्याची किल्ली कधी कधी जुन्या डिस्कवरच राहते. तसे असेल तर 'सिस्टम' हा शब्द जुन्या डिस्कच्या पट्टीत दिसेल. तसा तो दिसला तर ती डिस्क काढू नका आणि पुसूही नका. विंडोज नव्या एसएसडीवर असली तरी जुन्या डिस्कशिवाय संगणक उठणार नाही. ही किल्ली एसएसडीवर हलवता येते, पण ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

ज्या ड्राइव्हवर प्रोग्रॅम बसवलेले आहेत तो ड्राइव्ह. काहींनी जागा वाचवण्यासाठी खेळ किंवा मोठे प्रोग्रॅम डीमध्ये बसवलेले असतात. त्या डीचे अक्षर बदलले तर ते उघडत नाहीत. फक्त फोटो, गाणी, कागदपत्रे असलेल्या ड्राइव्हचे अक्षर निर्धास्त बदलावे. असा काही बिघाड झालाच, तर जुने अक्षर परत द्या, प्रोग्रॅम पुन्हा चालू लागेल.

दोन निरोप, दोन्हींना नाही म्हणा

कधी कधी ड्राइव्ह उघडताना विंडोज म्हणते, 'हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल.' निरोप इतक्या सहजपणे येतो की हात आपोआप होकाराकडे जातो. अशा वेळी 'कॅन्सल' दाबा. या निरोपाचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या ड्राइव्हवरची मांडणी वाचता येत नाही. कदाचित केबल सैल असेल, कदाचित डिस्क दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर तयार केलेली असेल, कदाचित मांडणी बिघडली असेल. आतल्या फायली पुष्कळदा शाबूत असतात. फॉरमॅटला होकार दिला की त्या परत मिळवणे अवघड होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा चौकोनावर 'रॉ' असे लिहिलेले दिसते.

दुसरा निरोप 'इनिशियलाइझ डिस्क' हा. कोरी नवी डिस्क लावली असेल तर तो ठीक आहे. पण जिच्यात सामान आहे अशा जुन्या डिस्कबद्दल तो आला, तर 'कॅन्सल' करा, केबल बदला, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तरीही जमले नाही तर डिस्कवर काहीही न लिहिता ती जाणकाराकडे न्या.

याउलट, एखादा ड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये दिसतच नाही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये चौकोन निरोगी दिसतो आणि त्यावर अक्षर नाही, एवढेच असेल तर आनंद माना. 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये जाऊन 'अ‍ॅड' दाबा, एक अक्षर द्या, ड्राइव्ह समोर येईल.

बाहेरच्या डिस्कला पक्के अक्षर आणि पक्के नाव

घरच्या फोटोंची प्रत ठेवण्यासाठी जी यूएसबी डिस्क वापरता, तिला वर्णमालेच्या शेवटाकडचे अक्षर द्या, पी किंवा टी. इतर पेन ड्राइव्ह सुरुवातीची मोकळी अक्षरे घेतात, त्यामुळे तिच्या जागेवर सहसा कोणी बसत नाही. प्रत काढण्यासाठी एखादा प्रोग्रॅम लावला असेल तर याचा मोठा उपयोग होतो. अक्षर बदलले की असा प्रोग्रॅम डिस्क सापडत नाही म्हणून गप्प बसतो आणि सहा-सहा महिने प्रत निघालेली नाही, हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

अक्षराबरोबर नावही द्या. ड्राइव्हवर उजवे बटन दाबून 'रिनेम' केले की 'घरचे फोटो' असे मराठीतही लिहिता येते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कला ३२ अक्षरांपर्यंत नाव चालते, एफएटी३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हला ११ अक्षरांपर्यंत. हे नाव डिस्कवरच लिहिले जाते, म्हणून डिस्क कुठेही नेली तरी ते तिच्याबरोबर जाते. अक्षर म्हणजे घर क्रमांक, नगरपालिकेने बदलला की बदलतो. नाव म्हणजे माणसाचे नाव. ड्राइव्ह ओळखताना नावावर भरवसा ठेवा.

डी म्हणजे तिजोरी नव्हे

शेवटी एक गैरसमज. "सी बिघडला तरी डी सुरक्षित असतो" असे घरोघरी ऐकू येते. विंडोज बिघडली आणि फक्त सी नव्याने भरला, तर हे खरे आहे. पण सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर त्या एकाच गोदामाच्या दोन खोल्या आहेत. गोदामाला आग लागली तर मधली भिंत काही वाचवत नाही. तुमच्या घरी जुनी हार्ड डिस्क आठ वर्षे फिरते आहे. ती उद्याही चालेल, परवाही चालेल, पण एक दिवस थांबेल. त्या दिवशी डीचे अक्षर बरोबर होते की चूक, याला काही अर्थ उरणार नाही.

म्हणून अब्बांच्या आवाजाच्या तीन प्रती असू द्या. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात, आणि एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे. आवाजाच्या फायलींना जागा फार कमी लागते, घरभराची रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर मावते. वर्षातून एकदा, ईदला सगळे जमले की ती लावून ऐका. प्रत चालू आहे की नाही हेही त्यात कळते.

आणि संगणक दुकानात देण्याची वेळ आलीच, तर आधी प्रत काढा, बायकामुलींचे खासगी फोटो ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क शक्य असेल तर काढून घरी ठेवा, आणि यंत्राला एक कागद चिकटवा : 'विचारल्याशिवाय कोणतीही डिस्क फॉरमॅट करू नये.' चांगला दुकानदार याचा राग मानत नाही. उलट त्याचीही जबाबदारी हलकी होते.

प्रश्न पाठवताना संगणकात कोणती विंडोज आहे, डिस्क किती आहेत आणि पडद्यावर आलेला निरोप जसाच्या तसा लिहून पाठवावा, म्हणजे उत्तर नेमके देता येते.